बाई, गेम खेळान पोरगो हुशार होतलो काय?

मालवणात मी विज्ञान शिकवते. त्यामुळे पालकसभेत, एसटीत, मासळीच्या बाजारातसुद्धा हा प्रश्न ठरलेला: "बाई, मोबाईलर गेम खेळान पोरगो हुशार होतलो काय?" कुणी आशेने विचारतं, बरेचजण काळजीने. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते. काही गेमनी नजर तयार होते. सगळ्या विषयांत चालेल अशी हुशारी मात्र त्यातून येत नाही.

नजरेचं आधी. २००३ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात शॉन ग्रीन आणि डॅफ्नी बाव्हेलिए यांनी गेमची सवय नसलेल्या काहींना रोज तासभर, असे १० दिवस, लढाईचा अ‍ॅक्शन गेम खेळायला दिला. दुसऱ्या गटाला दिलं टेट्रिस, म्हणजे वरून पडणारे ठोकळे जुळवायचा गेम. पडद्यावर क्षणभर चमकून जाणाऱ्या गोष्टी टिपण्यात लढाई खेळलेले पुढे गेले. टेट्रिसवाल्यांत तेवढी सुधारणा दिसली नाही.

यावर खूश होऊन थांबू नका. २०१० साली अ‍ॅड्रियन ओवेन या मेंदूशास्त्रज्ञाने बीबीसीला बरोबर घेऊन ११,४३० जणांची परीक्षा पाहिली. मेंदूचा व्यायाम म्हणून दिलेले खेळ त्यांनी ६ आठवडे संगणकावर खेळले. ज्याचा सराव केला, त्यात ते सुधारले. पण त्याच्याच जवळपासची वेगळी कसोटी दिली, तर तिथे सरावाचा उपयोग दिसेना. आपल्या तांडेलाला, म्हणजे मासेमारीची होडी चालवणाऱ्याला, पाण्याच्या रंगावरून बांगड्याचा थवा कळतो. आपल्याला तिथे नुसतं पाणी दिसतं. पण म्हणून देवगडच्या बागेत गेल्यावर कलमावरचा तुडतुडा त्याला दिसेलच असं नाही. तिथे बागायतदाराचीच नजर लागते, आणि तीही बागेत वर्षं घालवूनच आलेली असते. गणिताचे मार्क वाढावेत म्हणून मेंदू तल्लख करणारं अ‍ॅप विकत घेऊ का, असं कुणी विचारलं की मी स्पष्ट नको म्हणते. गणित हवं असेल तर गणितच सोडवायला हवं.

एक उदाहरण मात्र मी वर्गात आवर्जून सांगते. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या लोकांनी फोल्डिट नावाचा गेम केला. त्यात प्रथिनाची साखळी पडद्यावर दुमडून योग्य आकार शोधायचा असतो. माकडांमधल्या एका विषाणूच्या प्रथिनाची रचना शास्त्रज्ञांना दहा वर्षांहून जास्त काळ उलगडत नव्हती. खेळाडूंनी तिचा आकार तीन आठवड्यांत इतका जवळचा मांडला की शास्त्रज्ञांचं अडलेलं काम पुढे सरकलं. हे २०११ साली छापून आलं. यातल्या बहुतेक खेळाडूंचा जीवरसायनशास्त्राशी संबंध नव्हता. ते गट करून खेळत होते आणि एकाने आणलेला आकार दुसरा सुधारत होता. मला त्या खेळापेक्षा ही पद्धत मोलाची वाटते.

म्हणून सड्यावर, गावाबाहेरच्या कातळाच्या माळावर, रेंज शोधत बसलेल्या पोरांवर मी ओरडत नाही. विचारते, "कशामुळे हरलास? पुढच्या डावात काय बदलशील?" कुणी खांदे उडवतो. कुणी नकाशा काढून दाखवतो, कुठून यायला हवं होतं ते सांगतो. त्या दुसऱ्याला मी लगेच प्रयोगवहीकडे वळवते, कारण चूक कुठे झाली ते शोधायची सवय त्याला लागलेली असते. घरी हे दोन प्रश्न तुम्हीही विचारू शकता. त्यासाठी गेम कळायची गरज नाही.

झोपेच्या बाबतीत मात्र मी ऐकून घेत नाही. दिवसा शिकलेलं झोपेत पक्कं होतं, आणि रात्री दोनपर्यंत खेळलेला मुलगा पहिल्या तासाला बाकावर नुसता बसलेला असतो. रात्री जेवणं झाली की मोबाईल तुमच्या खोलीत ठेवा, आणि तुमचाही तिथेच बाजूला राहू दे.