संडासाच्या लिक्विडने धुतलेली दुनळी

२०२४ चा ऑक्टोबर. विधानसभेची आचारसंहिता नुकतीच लागली होती आणि परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायची धावपळ सुरू होती. दर निवडणुकीला तीच गंमत. पाच वर्षं माळ्यावर पडलेली बंदूक लोक माझ्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानात आणून एका दिवसात दुरुस्त करून मागतात, कारण ठाण्यात गंजकी दिली तर परत येताना आणखी गंजून येईल ही भीती. भीती खोटी नाही. ठाण्याच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेल्या बंदुकांचे हाल मी पाहिलेत.

त्या दिवशी दुपारी चोपडा तालुक्यातली एक बाई गोधडीत गुंडाळलेली बंदूक घेऊन आली. सोबत परवान्याचं पुस्तक आणि सासऱ्याच्या सहीची चिठ्ठी. दुरुस्तीसाठी परवानाधारकाने लेखी दिलं तर दुसऱ्याला शस्त्र नेता येतं, हे कायद्यातच आहे. ठाण्यातल्या निम्म्या लोकांना ते माहीत नसतं. तिला माहीत होतं.

परवान्यावरचं नाव ओळखीचं. आप्पा माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचे गिऱ्हाईक. केळीत रानडुकरं शिरतात म्हणून पीकसंरक्षणाचा परवाना, बारा बोअरची बेल्जियमची दुनळी, त्यांच्या वडिलांच्या हातची. बंदूक मी अनेकदा उघडून, पुसून, तेल देऊन परत केलेली. गोधडी सोडली आणि मला ती ओळखूच आली नाही. काळीभोर नळी शेंदूर फासल्यासारखी झाली होती. हात लावला तर बोटाला गंज.

"काय व्हयनं, वहिनी?"

तिने सरळ सांगितलं. आप्पांना श्रावणात लकवा मारला, उजवा हात चालत नाही. मुलगा सुरतेला. खंडेनवमीला शस्त्रपूजा तर चुकवायची नाही, म्हणून तिने विळे, कोयते, कुऱ्हाड, आजोबांची तलवार सगळं घासून काढलं. "घरमा सगळं चकचकीत व्हयनं. हाईच काळी राहेल व्हती, भाऊ." तिला वाटलं, काळा म्हणजे मळ. मग संडास धुवायचं लिक्विड ओतलं, तारेची घासणी आणि पॉलिश पेपर मारला, बादलीभर पाण्याने धुतली. नळी चांदीसारखी पांढरी निघाली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. दसऱ्याच्या सकाळी पाहते तर शेंदरी.

मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "तुम्हीच सांगेल व्हतं ना आप्पाले, घरन्या वस्तूसघाई बंदूक साफ व्हस."

सांगितलं होतं. पन्नास जणांना सांगितलं असेल. आणि ते खरं आहे, म्हणून तर पंचाईत. इंपोर्टेड बाटल्या विकणारे काही म्हणोत, गावाकडच्या दुनळीला लागतं काय? काळ्या दारूचा, म्हणजे जुन्या धुराच्या बारुदीचा, मळ आणि काडतूस पेटवणाऱ्या जुन्या टोप्यांमधून नळीत बसणारं खार हे तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून आधी लाकडी दस्ता सोडवून नुसत्या नळीतून कढत पाणी ओतायचं, चिमूटभर कपड्याचा साबण टाकून. पाणी कढतच हवं, म्हणजे नळी स्वतःच्या उष्णतेने वाळते. मग जुन्या धोतराच्या चिंध्या पुलथ्रूला, म्हणजे नळीतून ओढायच्या दोरीला, बांधून, कोरडी बाहेर येईपर्यंत ओढायच्या. दारूची काजळी आणि जुनं चिकट तेल घासलेटने सुटतं. रेशनवर घासलेट मिळेनासं झाल्यापासून मी टर्पेंटाइन वापरतो, वास डोक्यात जातो पण काम होतं. शेवटी शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात. खोबरेल नको. थंडीत यावल-रावेरकडे ते नळीतच थिजतं आणि पुढे चापात गोंद होऊन बसतं. काच पुसायचा निळा स्प्रे मारणारेही भेटतात. व्हिडिओत पाहिलेलं असतं. त्यात काम करतं ते बरंचसं पाणीच, मग पाणीच का नको?

एवढं सगळं मी आप्पांना सांगितलं होतं. आप्पांनी घरी सांगितलं असेल, "घरातल्या वस्तूंनी होते." आणि संडासाचं लिक्विड घरातलीच वस्तू. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. बंदुकीचा काळा रंग म्हणजे रंग नव्हे, लोखंडाचाच ऑक्साइड आहे, मुद्दाम चढवलेला. ॲसिड तो काही मिनिटांत खातं, आणि मागे राहिलेला क्लोराइड हवेतलं पाणी ओढून उघडं लोखंड गंजवत राहतो. वरून धुतलं तरी सांध्यात, दोन नळ्यांमधल्या पट्टीखाली तो बसूनच असतो.

पण ती माझ्याकडे गंजासाठी आली नव्हती. ठाण्यातल्या मुन्शीने परवान्यावरचा नंबर जुळवायला बंदूक फिरवली, तर चापाच्या कड्यावरचा नंबर गायब. तो म्हणे, नंबर खोडलेलं हत्यार मी घेऊ शकत नाही, उलट गुन्हा दाखल करावा लागेल. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. शस्त्र कायदा, १९५९ चं कलम ८ असंच आहे. नंबर खोडायला मनाई, आणि खोडलेलं शस्त्र ज्याच्या ताब्यात सापडेल त्यानेच खोडलं असं धरून चालतात. पण समोर उभ्या बाईला घाम फुटेपर्यंत ते ऐकवायची गरज नव्हती. काडतूस भरताना उघडतात तशी बंदूक उघडून नळीच्या बुडाखाली पाहिलं असतं तर काम झालं असतं. जुन्या दुनळीचा नंबर बऱ्याचदा दोन ठिकाणी असतो.

मी नळी सुटी केली. बुडाचा सपाट भाग नेहमी आत दडलेला असल्याने तिथे ॲसिड फारसं पोचलं नव्हतं. खडू घासून पुसला तर नंबर पांढऱ्यात स्वच्छ उमटला, परवान्यावरचाच. वहिनीने तिथल्या स्टुलावर बसून घेतलं. मी चहा सांगितला.

इथे गोष्ट संपली असती. मी त्यांना म्हणालो, नळीवरचं ॲसिड आत्ताच मारायला हवं, तासभर थांबा. खायचा सोडा पाण्यात कालवून नळीभर चोपडला, सांध्यांवर दाताच्या ब्रशने घातला. मग मागच्या बाजूला गॅसवर लांबट पत्र्याचं भांडं ठेवून नळी पाण्यात उकळत ठेवली. उकळत्या पाण्यात तांबडा गंज काळा पडत जातो. जुने कारागीर बंदूक काळी करायचे ती याच पद्धतीने, गंज चढवून, उकळून, घासून, पुन्हा. कॉस्टिक सोड्याच्या गरम हौदात दुनळी टाकत नाहीत. दोन नळ्या आणि मधली पट्टी कथलाच्या डाखाने जोडलेल्या असतात, कॉस्टिक तो डाख खातं.

नळी बाहेर काढली, तेलाच्या चिंधीने पुसली, उजेडात धरली आणि माझा हात थांबला. पोलादावर नक्षी होती. बुडापासून तोंडापर्यंत बारीक वळसे, उन्हात घातलेल्या कुरडईसारखे पीळ. काळे-करडे, काळे-करडे.

दमास्कस नळी. म्हणजे एकसंध पोलादातून कोरलेली नव्हे, तर लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, गजाभोवती गुंडाळून, तापवून ठोकून सांधलेली. बेल्जियमच्या लीज शहरात अशा नळ्या पहिल्या महायुद्धापर्यंत ढिगाने बनत. लोखंड आणि पोलाद ॲसिडला वेगवेगळं लागतात म्हणून नक्षी दिसते. ही काळ्या दारूच्या जमान्यातली नळी. काळ्या दारूचा दाब बुडाशी, जिथे नळी जाड असते. आताच्या नायट्रो, म्हणजे बिनधुराच्या दारूच्या, काडतुसाचा दाब पातळ भागातही पुढे जात राहतो. त्यात शंभर वर्षांचा गंज पट्ट्यांच्या सांध्यांत आतून लपलेला असू शकतो, वरून काही कळत नाही.

कोणीतरी कधीतरी, विकताना असेल, ती नळी काळी करून नक्षी झाकली होती. मी बुडाचे ठप्पे पुन्हा पाहिले. मुकुटाखाली लंबगोलात ईएलजी, म्हणजे लीजच्या प्रूफ हाउसचा, नळी तपासून ठप्पा मारणाऱ्या कचेरीचा. सिंह आणि खाली पीव्ही हा नायट्रो दारूच्या चाचणीचा ठप्पा कुठेच नाही. तो नाही हे मला आधीही दिसायला हवं होतं. नळी काळी होती, नंबर जुळत होता, चाप ठीक पडत होता, आणि बुडाकडे मी फक्त नंबरासाठी बघत होतो.

आणि आप्पा खडकीच्या कारखान्यातली साधी, म्हणजे नायट्रोचीच, काडतुसं चाळीस वर्षं त्यात भरत होते. गालापासून वीतभर अंतरावर.

मी चिठ्ठी लिहिली: नळी दमास्कस, नायट्रो काडतूस वापरू नये, फक्त शोभेसाठी. वहिनीला दाखवून समजावलं. तिने एकच विचारलं, "म्हणजे मी खराब केली नाही?" मी म्हणालो, केली. आणि बरं केलं. तिला दोन्हीचा अर्थ लागला की नाही, माहीत नाही. मलाही नीट लागलेला नाही. तिने ॲसिड ओतलं नसतं तर आप्पा बरे झाल्यावर किंवा मुलगा सुरतेहून आल्यावर ती बंदूक पुन्हा चालली असती.

संध्याकाळी आप्पांचा फोन आला. बोलणं अडखळतं झालंय, पण डोकं शाबूत. म्हणाले, "भाऊ, मंग चाळीस वरीस कशी नही फुटनी?" मी म्हटलं, आप्पा, तुमचं नशीब. ते हसले. त्यांना ते पटलेलं नव्हतं.

दुकान बंद करायच्या आधी मी जुनं दुरुस्ती रजिस्टर काढलं. आप्पांच्या बंदुकीच्या नोंदी अकरा निघाल्या. दोन वडिलांच्या अक्षरात, नऊ माझ्या. सगळ्यांत शेवटच्या रकान्यात एकच शेरा आहे: "नळी ठीक."