बिब्बा

शनिवारी दुपारी रिक्षा सिग्नलला थांबली. एक पोरगा आला, मागच्या आठवड्याची वाळलेली लिंबू-मिरची सोडून नवी बांधू लागला. रिक्षावाल्यानं आधी खालचं टोक बोटानं चाचपलं. "कोळसा नको. बिब्बा असेल तरच बांध," तो म्हणाला. मग आरशातून माझ्याकडे बघत, "फसवतात हो ताई हल्ली."

मला पटलं. लिंबाला दृष्ट किती भीत असेल कोण जाणे, पण बिब्ब्याला, त्या काळ्या जहाल रानफळाला, भ्यायलाच हवं.

आजीच्या फडताळात वेखंड, मुरडशेंग, जायफळ अशी बाळगुटीची मंडळी एका डब्यात गुण्यागोविंदानं राहायची. बिब्बे मात्र वेगळ्या फडक्यात, गाठ मारून, वरच्या फळीवर. सुट्टीत अनवाणी हुंदडून पायात काटा मोडला की ती गाठ सुटायची. आजी आधी स्वतःच्या बोटांना खोबरेल चोळायची. मग बिब्ब्यात दाभण खुपसून तो निरांजनावर धरायची. जरा वेळानं तो चरचरायला लागे, काळपट तेल सुटे आणि नेमका एक थेंब तळपायावर पडे. "हलू नकोस, उतेल!" उतेल म्हणजे तेल लागून कातडी सुजेल, फोड येतील. एवढं ऐकलं की मी श्वासही रोखून धरायची. काट्यापेक्षा त्या थेंबाचीच धास्ती जास्त. आणि हीच आजी थंडीत खोकला धरला की तोंडाला आतून तूप लावून बिब्ब्याचे थेंब पाडलेलं दूध घ्यायची! आज कुणी असं करू लागलं तर मी हातातला पेला हिसकावून घेईन.

कारण उतलेला माणूस मी पाहिलाय. आमच्या एका काकांनी रानात बिब्ब्याच्या झाडाखाली ऐसपैस डुलकी काढली. त्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी खाज, तिसऱ्या दिवशी डोळे दिसेनात, तोंड फुगून डांगर झालेलं. घरात खोबरं वाटणं, तीळ वाटणं, लेप देणं सुरू. काका त्यातही खोबरं खात होते. आंबा आणि काजू याच बिब्ब्याचे भाऊबंद. वैशाखात आंब्याचा चीक ओठाला लागून जो फोड येतो, तो याच घराण्याचा सौम्य प्रसाद.

धोब्यांनी मात्र हा बाबा कामाला लावला. कापडावर बिब्ब्याची खूण करायची, वर चुना लावायचा. मग भट्टीत घाला नाहीतर दगडावर आपटा, धोतर विरेल पण खूण जायची नाही. दुसऱ्या महायुद्धात इकडे आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर पुरळ उठायला लागलं तेव्हा डॉक्टर चक्रावले. शेवटी सदऱ्याच्या कॉलरवरची धोब्याची खूण सापडली.

आयुर्वेदात त्याला भल्लातक म्हणतात. वैद्यसुद्धा त्याला तसाच घेत नाहीत. विटेच्या भुकटीत घोळून त्याचं तेल आधी शोषून घेतात.

आणि एवढ्या जहाल फळाच्या पोटात गोडंबी असावी! पांढरी, गोडसर, बदामापेक्षा मला तीच आवडते. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात ती हवीच. बदाम कमी करा, चालेल. गोडंबी कमी केली की आमच्या घरात कुणीतरी आईकडे तक्रार नेतंच. दुकानात ती सुक्यामेव्याच्या बरण्यांत अगदी सभ्यपणे बसलेली असते. तिथवर ती कशी आली, हे मी कित्येक वर्षं विचारलंच नव्हतं.

ती बायका फोडतात. विदर्भात, मराठवाड्यात, घराच्या ओट्यावर नाहीतर अंगणात बसून. एकेक बिब्बा दगडावर ठेवायचा, ठोकायचा, आतला गर अख्खा राहील अशा बेतानं. हाताला राख किंवा तेल चोळलेलं असतं, पण ठोका बसला की तेल उडतंच. बोटांवर, मनगटावर, कधी डोळ्यात. बोटं काळी पडतात, कातडी सोलून निघते. माझ्या एका थेंबासाठी आजीचं सगळं लक्ष, सगळी दुपार खर्ची पडायची. यांच्यासमोर पोतं रिकामं व्हायचं असतं. हात उतला म्हणून थांबलं तर तेवढी मजुरी बुडते, म्हणून बहुतेक जणी थांबत नाहीत.