तुम्ही विचारलंत म्हणून : फाल्गुन-चैत्रात गावाकडे मुलं दिवसभर करतात तरी काय?

होळीच्या सुमारास मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांचे आणि माझ्या डोंबिवलीच्या मैत्रिणींचे फोन येतात, आणि त्यांत एक प्रश्न हमखास असतो : जवळपास बाग नाही, छंदवर्ग नाही, सोबतीला मुलेही चार-पाचच, मग संगमेश्वर तालुक्यातल्या एवढ्याशा वाडीत साडेतीन आणि सात वर्षांची मुले दिवसभर करतात तरी काय, आणि त्यांना गुंतवून ठेवणे तुला जमते कसे? माझे उत्तर असे की मी त्यांना गुंतवून ठेवतच नाही. या दोन महिन्यांत घरात आणि आवारात इतकी कामे निघतात की त्यांतली काही आपोआप त्यांच्या वाट्याला येतात. मात्र गावात मुलांना मोकळे सोडले की झाले, आईला काही बघावे लागत नाही, असा जो समज या प्रश्नामागे असतो, तो मला मुळीच मान्य नाही.

आधी काजूचे सांगते, कारण मुलांचा सर्वांत जास्त वेळ त्यातच जातो. मार्चमध्ये बोंडे पिकून खाली पडू लागली की उन्हे कलल्यावर आम्ही सगळे कलमांखाली जातो. लेक पातेऱ्यातून, म्हणजे झाडाखालच्या वाळक्या पानांतून, बोंडे वेचते आणि बी पिरगळून वेगळी करते. धाकट्याकडे बादली धरण्याचे काम असते आणि ते तो फार गांभीर्याने करतो. तांबडे बोंड दिसले की ‘वेंगुर्ला चार’ आणि पिवळे दिसले की ‘वेंगुर्ला सात’, हे त्याला आताच पाठ आहे, जरी वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने या जाती दिल्या हे कळायला त्याला अजून वेळ आहे. बोंड खायला त्यांना आडकाठी नाही, फक्त अंगावर जुने कपडे हवेत, कारण त्या रसाचा डाग काही केल्या जात नाही. बी मात्र दाताने फोडायची नाही, हा नियम कडक आहे. काजूच्या टरफलात जे तेल असते त्याने कातडी भाजल्यासारखी सोलवटते, आणि लहान मुलाच्या ओठांना ते लागले तर फार हाल होतात. उसळीसाठी ओले गर काढायचे असतात तेव्हा सासूबाई हाताला खोबरेल तेल चोपडून विळीवर बसतात. मुले समोर बसून पाहतात, पण सोललेल्या गराची साल काढण्यापलीकडे त्यांना कशालाही हात लावू दिला जात नाही. वाळवलेल्या बियांचे वजन करताना लेकीला तिचा ढीग वेगळा मोजून हवा असतो, आणि तो आम्ही मोजतो. काम खरे असले, त्याचा उपयोग घरात डोळ्यांना दिसला, तरच मूल त्यात टिकते, असे माझे मत आहे. उगाच हातात दिलेले काम मुलांना लगेच ओळखू येते.

शिमग्यात तर विचारायलाच नको. ग्रामदेवतेची पालखी घरोघरी येते, म्हणून अंगण सारवायचे असते, आणि शेणाने हात भरवण्याची इतकी राजरोस परवानगी वर्षात पुन्हा मिळत नाही. ढोल वाजू लागला की धाकटा आजीच्या पदराआड जातो आणि पालखी नाचू लागली की बाहेर येतो. मुंबईची चुलत भावंडे त्या वेळी आलेली असल्याने आठवडाभर मी आई कमी आणि पंगत वाढणारी जास्त असते. गुढीपाडवा त्या मानाने साधाच होतो. त्यानंतर चैत्रगौर बसते, आंब्याची डाळ आणि पन्हे होते, आणि लेक सासूबाईंच्या मांडीला मांडी लावून चैत्रांगणाची रांगोळी काढायला बसते. तिच्या कासवाला पाय कधी पाच तर कधी सहा होतात, आणि सासूबाई त्यावर एक शब्द बोलत नाहीत.

एप्रिलमध्ये हापूस उतरू लागला की मुलांना झाडाखाली उभे राहू देत नाही. घळीने, म्हणजे जाळी बांधलेल्या लांब काठीने, काढलेला आंबा देठासकट उतरवावा लागतो, कारण देठ तुटून चीक सालीवर ओघळला की फळ डागाळते. त्यामुळे हाताळणे मोठ्यांचे, आणि पेट्यांत भाताचा पेंढा अंथरणे मुलांचे. वाऱ्याने पडलेल्या कैऱ्या मात्र पूर्णपणे त्यांच्या मालकीच्या असतात.

आता भीतीबद्दल, कारण पुढचा प्रश्न बहुधा तोच असतो. फुरसे हा आमच्याकडचा लहानसा पण विषारी साप, आणि त्याचा रंग वाळलेल्या पातेऱ्यात इतका मिसळतो की मोठ्या माणसालाही तो चटकन दिसत नाही. म्हणून काजू वेचताना आधी काठीने पातेरा हलवायचा, मग हात घालायचा, आणि पायात बूट असल्याशिवाय कलमांत उतरायचेच नाही. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही, त्यामुळे कितीही उकडले तरी मुलांचे अंथरूण जमिनीवर घालत नाही. खाट आणि मच्छरदाणी ठरलेली. दगड आणि लाकडे उचलणे मुलांना बंद आहे, ते लाल विंचवामुळे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध परिणामकारक ठरते हे दाखवून दिले आणि कोकणातल्या कितीतरी मुलांचे प्राण त्यामुळे वाचले. पुढे २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तरीही औषध आहे म्हणून निष्काळजी राहता येत नाही, कारण ते वेळेत मिळावे लागते. सर्पदंशाची लस कुठल्या दवाखान्यात आहे, रात्री गाडी कोणाची मिळेल, हे दोन फोन नंबर आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला मोठ्या अक्षरांत चिकटवलेले आहेत. विहिरीला कठडा आहे, वर जाळी आहे, आणि तरीही पाणी काढताना धाकट्याचा हात कोणीतरी धरलेला असतोच.

म्हणजे शहरातली आई मुलाला घेऊन बागेत बसते, त्यापेक्षा माझी नजर इथे कमी नव्हे, जास्तच लागते. फरक इतकाच की ती नजर ठेवताना माझे हातही कामात असतात, आणि घरात सासूबाई व दीर असल्याने ती वाटूनही घेता येते. दोनच माणसांच्या घराला हे असेच जमेल, असे मी कोणाला सांगणार नाही.

आणि कंटाळा? तो येतो. जेवणानंतर चार वाजेपर्यंत बाहेर ऊन रणरणत असते, मुलांना पडवीच्या बाहेर सोडता येत नाही, आणि त्या वेळात भांडणे होतात, गाढव डावात रुसवे होतात, वीज आणि नेटवर्क दोन्ही असेल तर मोबाइलवर कार्टूनही लागते. मी ते लपवत नाही आणि त्याची फार खंतही करत नाही.

तेव्हा तुम्हाला मुलांना घेऊन यायचेच असेल, तर मे महिन्याची वाट पाहू नका, तोपर्यंत काजू संपत आलेला असतो आणि उकाडा सहन होत नाही. जमल्यास शिमग्यानंतर लगेच, नाहीतर एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात या. येताना टाकून द्यायच्या लायकीचे कपडे, पायांचे घोटे झाकणारे बूट आणि एक चांगली विजेरी आणा. खेळणी आणू नका, ठेवायला जागा नाही.