चेस इंजिन लिहायचंय, पण कुठल्या भाषेत?

चेस इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, लिहायचं डोक्यात आलं की पहिले कित्येक दिवस एकाच घोळात जातात, भाषा कुठली घ्यायची. सी++ की रस्ट की आपली रोजची जावा, आणि लोक त्यावरून एवढे हमरीतुमरीवर येतात की मूव्ह जनरेटर, म्हणजे चाली काढणारा कोड, बाजूलाच राहतो. माझं मत आधीच सांगून टाकतो, पायथन सोडून जी भाषा तुम्हाला झोपेत पण लिहिता येते ती घ्या.

आता पायथनवाले चिडणार. सनफिश नावाचं एक छोटं इंजिन पायथनमधेच आहे आणि बऱ्यापैकी खेळतं, वाचायला तर फारच छान आहे, जरूर वाचा. पण इंजिनचं काम बघा ना, चाली काढ, एक खेळून बघ, पटाची किंमत कर, चाल मागे घे, आणि हे सेकंदाला लाखो वेळा. तिथे पायथन धापा टाकतं.

बहुतेक इंजिनं पट बिटबोर्डमधे ठेवतात, म्हणजे एका आकड्यात दर घराला एक बिट. पटावर घरं ६४, प्रोसेसरचा आकडा ६४ बिटचा, योगायोग म्हणा पण काय भारी जमलंय! सगळी पांढरी प्यादी म्हणजे एक आकडा, तो ८ बिट डावीकडे सरकवला की सगळी प्यादी एकदम एक घर पुढे, मग रिकाम्या घरांच्या आकड्याशी अँड केलं (दोन्हीकडे १ असलेले बिटच उरतात) की झाल्या चाली. त्यामुळे भाषेची खरी परीक्षा इथे होते: धड अनसाइन्ड ६४ बिट आकडा आहे का, आणि 'किती बिट लागलेत' व 'सगळ्यात खालचा बिट कुठला' ही दोन कामं एकेका इन्स्ट्रक्शनमधे होतात का. सी++२० मधे हे स्टँडर्ड लायब्ररीतच आलं, रस्टमधे आधीपासून आहे, जावात पण आहे आणि जेआयटी (चालताना कोड मशीनच्या भाषेत बदलणारा कंपायलर) ते थेट इन्स्ट्रक्शनमधे बदलतो.

फक्त जावात लाँग हा ६४ बिटचा आकडा साइन्ड असतो, म्हणजे सगळ्यात वरचा बिट अधिक-उण्याच्या चिन्हाचा. घरं ए१ पासून ० ते ६३ मोजली तर एच८ चं घर म्हणजे नेमका साइनचा बिट, तिथे मोहरा असताना दोन बाणांचा राइट शिफ्ट वापरलात की वरून एकाची रांग घुसते आणि पटावर भुताची मोहरी उभी राहतात. तीन बाणांचा वापरा, विषय संपला. पायथनची तऱ्हा उलटी, तिथे आकड्याला कमाल मर्यादाच नाही, त्यामुळे शेवटच्या ओळीतली मोहरी पटाबाहेर सरकतात आणि तरी आकड्यात जिवंत राहतात, दरवेळी मास्क लावून ६४ च्या वरचे बिट पुसत बसा.

सी++ काही साधीभोळी नाही. १ ला ४० बिट सरकवायला सांगितलं तर तो १ साधा ३२ बिटचा इंट असतो, आणि एक्स८६ प्रोसेसर बहुतेक वेळा ४० मधले ३२ वजा करून ८ च सरकवतो. म्हणजे ए६ वरचा मोहरा ए२ वर! एरर नाही, क्रॅश नाही, इंजिन आपलं मजेत चुकीचं खेळतंय. म्हणून डेव्हलपमेंट करताना सॅनिटायझर (चालताना अशा चुका पकडणारी कंपायलरची सोय) लावूनच बिल्ड करा. रस्ट डीबग बिल्डमधे असल्या जागी सरळ पॅनिक करतं, म्हणजे प्रोग्रॅम थांबवतं, ते मला फार आवडतं, पण मॅजिक बिटबोर्डचा (हत्ती-उंटाच्या चाली तक्त्यातून काढायची युक्ती) गुणाकार मुद्दाम ओव्हरफ्लो होणारा असतो, तिथे रॅपिंगवाला (६४ बिटच्या वरचं टाकून देणारा) गुणाकार लिहावा लागतो.

ओळखीची भाषा घ्या म्हणतो त्याचं कारण म्हणजे पर्फ्ट, म्हणजे ठरलेल्या खोलीपर्यंत चालींचे सगळे क्रम मोजून मूव्ह जनरेटर तपासणं. सुरुवातीच्या पटावरून एक ते पाच चालींच्या खोलीला २०, ४००, ८९०२, १९७२८१, ४८६५६०९ हे आकडे तंतोतंत यायला हवेत, एक जरी कमीजास्त आला तर कुठेतरी एन पासाँ (प्याद्याची खास मार) किंवा पिन (राजामुळे बांधलेला मोहरा) चुकलीये. आणि एवढं जुळलं म्हणून खूश होऊ नका, किवीपीट नावाची चाचणीची पोझिशन लावा, ४८, २०३९, ९७८६२ यायला हवेत, तिथे कॅसलिंगची (राजा-हत्तीची एकत्र चाल) सगळी पापं बाहेर येतात. हे शोधताना भाषेच्याच एररशी पण झगडायचं असेल तर कंटाळून सोडून द्याल.

आणि स्पीडचं म्हणाल तर हिशोब बघा. सरासरी ३५ चाली धरल्या तर सहा प्लाय (एका बाजूची एक चाल म्हणजे एक प्लाय) खोल साधं मिनिमॅक्स (दोघांच्या सगळ्या चाली तपासणं) म्हणजे जवळपास १८४ कोटी पोझिशन. अल्फा-बीटा (निकालावर फरक न पाडणाऱ्या फांद्या छाटणं) लावलं आणि चालींचा क्रम अगदी आदर्श असला तर ८५,७४९. क्रम कधीच एवढा आदर्श नसतो, पण भाषा दुप्पट वेगवान असून मिळून मिळून काय मिळणार, दुप्पट. कुठलीही भाषा घ्या, सर्चच्या आत मेमरी अलोकेट करू नका, चाल १६ बिटमधे बसते (६ कुठून, ६ कुठे, ४ फ्लॅग), तिचं ऑब्जेक्ट कशाला करताय.

मी स्वतः सी++ घेतली कारण दुसऱ्यांचा कोड वाचायचा असतो, स्टॉकफिश इंजिन सी++ मधे, क्राफ्टी इंजिन सी मधे. शिवाय २०२० मधे स्टॉकफिश १२ मधे एनएनयूई (पटाची किंमत करणारं छोटं न्यूरल नेटवर्क) आल्यापासून सिमडी (एका दमात अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या) इन्स्ट्रक्शन हाताशी असणं महत्त्वाचं झालंय, आणि ते सी++ आणि रस्टमधे सोपं पडतं.

आता कंपायलर. जीसीसी आणि क्लँग दोन्ही टाका, वॉर्निंग दोघांच्या वेगळ्या असतात. ओ-थ्री (-O3, वेगासाठीचा फ्लॅग) सगळेच लावतात, पण मार्च-नेटिव्ह (-march=native, याच प्रोसेसरसाठी बिल्ड) विसरतात, आणि मग पॉपकाउंटची, म्हणजे लागलेले बिट मोजायची, इन्स्ट्रक्शन न वापरता कंपायलर लांबचा रस्ता घेतो. रस्टमधे टार्गेट-सीपीयूचं तसंच. मात्र अशी फाइल जुन्या मशीनवर उघडली की इललीगल इन्स्ट्रक्शन म्हणून मरते, स्टॉकफिश प्रोसेसरनुसार वेगवेगळी बिल्ड देतं ते उगाच नाही. पेक्स्टचं (मास्कने निवडलेले बिट गोळा करणारी इन्स्ट्रक्शन) पण बघून घ्या, एएमडीच्या झेन ३ च्या आधीच्या प्रोसेसरवर ती इतकी हळू आहे की तिथे मॅजिकच बरं.

मग पीजीओ, म्हणजे प्रोफाइल बघून ऑप्टिमाइझ करणं: एकदा बिल्ड करायचं, बेंच (ठरलेल्या पोझिशनवर सर्चची चाचणी) चालवायचं, त्या प्रोफाइलवरून परत बिल्ड करायचं. सर्च म्हणजे नुसता इफ-एल्सचा गुंता, त्यामुळे कोड न बदलता वेग वाढतो. पण बेंचमधे सेकंदांच्या आधी नोड्सचा, म्हणजे तपासलेल्या पोझिशनचा, आकडा बघा. सिंगल थ्रेडवर, ठरलेल्या डेप्थला, जीसीसी असो वा क्लँग, फ्लॅग कुठलेही असोत, तो आकडा तोच आला पाहिजे. वेगळा आला तर वेग कितीही वाढलेला दिसो, कुठेतरी इनिशियलाइझ न केलेला व्हेरिएबल किंवा तसलीच चूक बसलीय, आधी ती शोधा.