सहावी इनिंग

सॉफ्टबॉलचा सामना सात इनिंगचा असतो आणि प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा फलंदाजी करतात. परंतु पाच इनिंग पूर्ण झाल्यावर एखादा संघ सात किंवा त्याहून अधिक धावांनी पुढे असेल, तर पंच सामना तेथेच थांबवतात. हा नियम मी शाळेत असतानाच शिकले होते आणि त्याचा लाभही अनेकदा घेतला होता. महाराष्ट्राकडून राष्ट्रीय स्पर्धा खेळताना, हा खेळ नुकताच सुरू झालेल्या राज्यांच्या मुलींविरुद्धचे कितीतरी सामने आम्ही पाचव्या इनिंगमध्येच संपवले आणि लवकर मोकळ्या झालो म्हणून आनंदाने जेवायला गेलो. समोरच्या डगआउटमध्ये, म्हणजे त्या संघाच्या बाकांवर, त्या वेळी काय चालले असेल, हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. भारताची जर्सी घालून आशियाई स्पर्धेत उतरले, तेव्हा तो पहिल्यांदा आला.

मी कॅचर, म्हणजे फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणारी खेळाडू आहे. जळगाव जिल्ह्यातल्या ज्या शाळेत मी आठवीत हा खेळ सुरू केला, तिथले मैदान मुरमाचे होते, रेषा आम्हीच फक्कीने आखायचो आणि ज्याला बाहेर बॅट म्हणतात त्याला आम्ही स्लगर म्हणायचो. बऱ्याच मैत्रिणी दहावीच्या क्रीडागुणांसाठी आल्या आणि परीक्षा झाल्यावर थांबल्या, त्यात गैर काहीच नाही. मी टिकून राहिले ती मास्कच्या जाळीतून दिसणाऱ्या मैदानासाठी. क्षेत्ररक्षण करणाऱ्या आठ जणींची तोंडे होम प्लेटकडे, म्हणजे फलंदाज उभी असते त्या जागेकडे असतात; एकट्या कॅचरचे तोंड त्यांच्याकडे असते, त्यामुळे कोण दमली आहे, कोण घाबरली आहे आणि कोण एक पाऊल चुकीच्या जागी उभी आहे, हे सर्वांत आधी तिलाच कळते.

निवड झाल्याचे कळले त्याच दिवशी प्रत्येकीने भरायच्या रकमेचा आकडाही कळला. वडिलांनी पतसंस्थेतून कर्ज काढले आणि शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी गोळा केली. त्या सर्वांची मी ऋणी आहे. पण देशासाठी निवडली गेलेली एकही मुलगी केवळ पैशाअभावी घरी राहता कामा नये, असे मला मनापासून वाटते.

आशियाई स्पर्धेतल्या मैदानाने पहिला धडा दिला. इनफिल्डची, म्हणजे बेसांच्या आसपासच्या आतल्या भागाची, माती बारीक चाळलेली आणि सपाट होती. मुरमावर वाढलेल्या आम्हा मुलींना चेंडू कुठल्याही खड्यावरून अचानक उसळेल या भीतीने किंचित मागे रेलून तो घेण्याची सवय असते. इथे चेंडू सरळ, खाली आणि आमच्या अंदाजापेक्षा लवकर येत होता, आणि त्या मागे रेलण्यातच आमचा वेळ जात होता.

दुसरा धडा जपानविरुद्ध मिळाला. महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचर ४३ फुटांवरून, म्हणजे सुमारे १३ मीटरवरून, चेंडू टाकते. ताशी शंभर किलोमीटरच्या पुढचा वेग असला की तो प्लेटवर यायला सेकंदाचे जेमतेम चार दशांश लागतात. वेगाची कल्पना आम्हाला होती, पण राइज बॉलची नव्हती. उलट्या फिरकीमुळे तो चेंडू अपेक्षेइतका खाली येत नाही, त्यामुळे डोळ्यांना तो वर चढल्यासारखा दिसतो आणि स्लगर त्याच्या खालून निघून जातो. माझा तिन्ही वेळा तसाच खालून गेला. कॅचर म्हणून तर त्याहून अवघड प्रसंग होता. त्यांच्या डावखुऱ्या फलंदाज चेंडूला स्पर्श होण्याआधीच धावण्याच्या पवित्र्यात येत, चेंडू हलकेच शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाकडे, ढकलत आणि ६० फुटांवरचा पहिला बेस तीन सेकंदांच्या आसपास गाठत. जो थ्रो राष्ट्रीय स्पर्धेत सहज पुरायचा, तोच इथे प्रत्येक वेळी अर्ध्या पावलाने उशिरा पोहोचत होता.

सामना पाचव्या इनिंगमध्ये संपला. हस्तांदोलनासाठी रांगेत उभी असताना माझे लक्ष धावफलकाकडे गेले. सहा आणि सात या आकड्यांखालचे रकाने रिकामे होते. पराभवाइतकेच ते रकाने मला लागले. आम्ही ज्यांचे सामने असेच आटोपले होते, त्या मुलींनीही असाच धावफलक पाहिला असणार. खेळायला आलेल्या माणसाचा खेळच अर्ध्यावर थांबतो म्हणजे काय, हे मला त्या क्षणी समजले.

त्या रात्री आमच्या प्रशिक्षक सरांनी जपानची पिचर युकिको उएनो हिच्याविषयी सांगितले. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिने दोन दिवसांत तीन सामने मिळून ४१३ चेंडू टाकले आणि अंतिम सामन्यात जपानने अमेरिकेला हरवले. त्यानंतरच्या दोन ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल नव्हताच. तो परतला २०२१ मध्ये प्रत्यक्षात झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये, आणि तेव्हा ३९ वर्षांची उएनो पुन्हा अमेरिकेविरुद्धच्या अंतिम सामन्यात उभी राहिली आणि पुन्हा जिंकली. सरांनी यावर भाषण केले नाही. उद्या सकाळी सहाला मैदानावर या, एवढेच ते म्हणाले.

आमची पिचर केरळची होती. तिला मराठी येत नव्हते आणि आम्हा दोघींचेही हिंदी यथातथाच होते, म्हणून आमचे खरे बोलणे मांडीआड दाखवलेल्या बोटांनीच चाले. हॉटेलच्या वाहनतळावर आम्ही दोन संध्याकाळी फक्त चेंजअपचा, म्हणजे मुद्दाम संथ टाकलेल्या चेंडूचा, सराव केला; त्याची खूण होती हलवलेली चार बोटे. आमचा वेग कोणालाही घाबरवणारा नव्हता, त्यामुळे तो कमी करूनच फलंदाजाला फसवता येईल, आणि तेही पहिल्याच चेंडूवर, असे आम्ही ठरवले.

क्रमवारीसाठीचा शेवटचा सामना आमच्या तोडीच्या संघाशी होता. तो आम्ही ४–३ असा गमावला, याचे दुःख अजून आहे. पण पाचवी इनिंग संपली तेव्हा दोन्ही संघांच्या तीन-तीन धावा होत्या. पंचांनी प्लेट झाडली आणि नवा चेंडू माझ्या हातात दिला. माझा डावा तळवा ग्लोव्हच्या आत सुजला होता. मी धावफलकाकडे पाहिले, चेंडू पिचरकडे टाकला, मास्क खाली ओढला आणि प्लेटमागे बसून चार बोटे हलवली. मास्कच्या जाळीतून मला ती हसताना दिसली.