कविता-चित्र वही : नववं पान

नववं पान अखेर जमलं. आधीचे पाच कागद वाया गेले.

कविता चार ओळींची. घरातला माणूस गेलाय आणि त्याचा शर्ट दोरीवर अजून ओलाच आहे, एवढंच. पहिल्या तीन कागदांवर मी दोरी, शर्ट, ठिबकणारं पाणी सगळं जलरंगात काढलं. चित्र बरं उतरलं, पण ओळी त्याखाली लावलेल्या पाटीसारख्या दिसू लागल्या.

मग जपानच्या योसा बुसोनच्या (१७१६–१७८४) हायगा पुन्हा काढून बसले. हायगा म्हणजे हायकू आणि चित्र एकाच कागदावर. बुसोन कवीही होता आणि चित्रकारही. या प्रकारात चित्र पुष्कळदा हायकूतली वस्तू दाखवतच नाही, तिच्या शेजारचं काहीतरी दाखवतं. जर्मन लेखक लेसिंगने १७६६ मध्ये म्हटलं की कविता काळात उलगडते, चित्र अवकाशात एकदम समोर येतं. मला हे अर्धंच पटतं. एकाच पानावर दोन्ही असली की नजर ओळीवरून चित्राकडे जाते, परत येते, आणि त्या येरझाऱ्यांना वेळ लागतोच.

चौथ्या कागदावर दोरी वेगळी काढलीच नाही. आपली अक्षरं शिरोरेषेला लटकलेलीच असतात की! कट निबने, म्हणजे तिरक्या कापलेल्या टोकाच्या निबने, कडेपासून कडेपर्यंत एकच शिरोरेषा ओढली, मध्ये किंचित झोल दिला आणि अक्षरं खालून जोडली. अडचण अशी की रेषा सलग असल्यामुळे शब्द एकमेकांत मिसळतात, म्हणून मधली जागा दुप्पट ठेवावी लागली. झोलाजवळचे काने सरळ ठेवले तर अक्षर मोडल्यासारखं दिसतं, तेही तिरके घेतले. मात्रा मात्र दोरीवर बसलेल्या पाखरांसारख्या दिसल्या. मी त्यांना हात लावला नाही.

पाचव्या कागदावर शाई फुटली. सहाव्यावर शेवटच्या ओळीतला ‘शर्ट’ हा शब्दच गाळला आणि तिथे रिकाम्या जागेत फक्त दोन चिमटे काढले. दुसऱ्या ओळीत कॉलर आहे, त्यामुळे अर्थ अडत नाही. नऊ पानांत पहिल्यांदाच चित्रामुळे कवितेतला शब्द कमी झाला, याचा फार आनंद आहे.

दहाव्या पानासाठी ‘पूरबी’ या कवितासंग्रहाच्या हस्तलिखितातली रवींद्रनाथांची खाडाखोड बघतेय. खोडलेले शब्द जोडत जोडत त्यांनी त्यातून आकार काढले. पण खाडाखोड मुद्दाम करून चालणार नाही, म्हणून आधी खरीखुरी कविता लिहायला घेतलीय. अकरा ओळी झाल्या, त्यातल्या सात खोडल्यात.