बाचामचा मुखवटा खालून पाहताना

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात काही वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा एक त्सेसाह पाहिला. चौथऱ्यावर, माझ्या डोळ्यांच्या उंचीला ठेवलेला तो लाकडी मुखवटा अठराव्या शतकातला असून संग्रहालयाने तो 2017 मध्ये मिळवला आहे. उंची जवळजवळ तीन फूट, गाल पुढे फळीसारखे आलेले, आणि कपाळाच्या जागी वर पसरत गेलेले दोन विशाल पंख, त्यांवर समांतर कोरलेल्या रेघाच रेघा. मी त्याच्यापुढे बराच वेळ उभी होते, आणि तरीही हा चेहरा मला नीट दिसत नाही, असे सारखे वाटत राहिले. या तऱ्हेचे मुखवटे जगात पंधराच्या आसपासच उरले आहेत, आणि बाचाम या गावावरून त्यांना बाचाम मुखवटे म्हणतात, एवढे वाचून मी कॅमेरूनच्या पश्चिम प्रदेशात जायचे ठरवले.

दुआला या बंदराच्या शहरातून सकाळी निघालेली बस एन्कोंगसांबा आणि बाफांग मागे टाकत चढू लागते, तशी हवा थंड होते. लाल माती, दऱ्यांमध्ये रॅफिया या ताडाची दाट झाडी, उतारांवर कॉफी आणि मका. इथे बामिलेके लोकांची शंभराच्या आसपास छोटी-मोठी राज्ये आहेत, आणि प्रत्येकाचा आपला राजा आहे, ज्याला यांतल्याच बांजून या राज्यातले लोक ‘फो’ म्हणतात. इथला पारंपरिक आठवडा आठ दिवसांचा असतो आणि बाजाराचे दिवस त्यावर ठरतात, हे मला वाटेतच कळले.

बांजूनच्या राजवाड्यात मी प्रथम गेले. तिथले भव्य गवती छपराचे सभागृह 2005 मध्ये आगीत गेले होते आणि गावाने ते पुन्हा उभारले. भोवतीच्या लाकडी खांबांवर माणसे आणि प्राणी एकावर एक कोरलेले आहेत. जवळच्या संग्रहालयात मण्यांनी मढवलेली आसने आणि कुओसी या प्रतिष्ठितांच्या मंडळाचे हत्तीचे मुखवटे पाहिले; ते मात्र लाकडाचे नसून कापडाचे, रुंद कान आणि समोर लोंबणारी सोंड असलेले, सर्वांगावर मण्यांचे त्रिकोण भरलेले. हत्ती आणि बिबळ्या ही राजाची रूपे मानली जातात. मुखवटा हा कुणा एकाच्या मालकीचा नसून मंडळाचा असतो. राज्यारोहणात किंवा राजाच्या मृत्यूनंतरच्या विधींत मंडळाचे सभासद तो घेऊन बाहेर पडतात. आपल्या जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात सोंग घेतलेल्या माणसाला लोक देव मानतात, त्याची मला इथे तीव्रतेने आठवण झाली.

माझा शोध मात्र लाकडाचा होता. एका वस्तीच्या कडेला, पत्र्याच्या छपराखाली, एक वयस्कर कारागीर त्सेसाहच्या धर्तीचा एक मुखवटा घडवत बसले होते. अखंड ओंडका दोन पायांत धरून ते वाकसाने लहान-लहान तासे काढत होते, आणि दर काही घावांनंतर अंगठ्याने पृष्ठभाग चाचपत होते. गालांखालचा भाग मानेसारखा गोल ठेवला होता. हा शिरोमुखवटा असून तो चेहऱ्यावर बांधत नाहीत, डोक्यावर चढवतात, असे त्यांनी सांगितले. कपाळावरच्या रेघा मात्र त्यांनी पटाशीने कोरल्या, एकेक रेघ खालून वर, श्वास रोखून. एक रेघ थोडी वाकडी गेली. त्यांनी ती मिटवली नाही, शेजारची रेघ तिच्याबरोबर वाकवली आणि पुढच्या तीन रेघांत ती वाक हळूहळू विरत गेली.

मी न्यूयॉर्कमधला अनुभव सांगितला, तेव्हा त्यांनी काम थांबवले. शिकाऊ मुलाला उभे करून अर्धवट घडलेला मुखवटा त्यांनी त्याच्या डोक्यावर ठेवला, दोन्ही हातांनी तो सावरून धरायला सांगितला, आणि मला जमिनीवर बसायची खूण केली. मी खाली बसले आणि चेहरा बदलला. समोरून पाहताना जे गाल नुसते पुढे आलेले भासत होते, त्यांच्या कडा आता डोळ्यांच्या अगदी खाली येऊन टेकल्या, त्यांच्या सावलीत तोंड आणि दात आत गेले, आणि कपाळाचे पंख आकाशात उंच निघाले. तिरप्या उन्हात प्रत्येक रेघ उजळली. मुलाने मान किंचित वळवली, तसा उजेड एका पंखावरून दुसऱ्यावर सरकला. जे शिल्प मी स्थिर वस्तू म्हणून पाहिले होते, ते हलण्यासाठी आणि आपल्यापेक्षा उंच राहण्यासाठी घडवलेले होते. ते चौथऱ्यावर ठेवताना डोळ्यांच्या उंचीला आणणे ही चूक आहे, असे मला आजही ठामपणे वाटते.

राजाच्या विधींतले जुने मुखवटे बाहेरच्यांना दाखवत नाहीत, म्हणून त्यांची छायाचित्रे मी मागितली नाहीत. संध्याकाळी कारागिरांनी मुखवटा मुलाच्या डोक्यावरून उतरवला, चटईवर पालथा ठेवला आणि आतला पोकळ भाग वाकसाने आणखी थोडा कोरायला घेतला.